घसारा कुणाचा, नुकसान कुणाचे?

व्यापारी घराण्यांत जागेचा व्यवहार बहुधा दोन्ही बाजूंनी होत असतो. थोरल्या भावाने बाजारपेठेतील गाळा भाड्याने दिलेला असतो आणि धाकट्याचे दुकान दुसऱ्याच्या जागेत चालत असते. मुलगा नोकरीसाठी पुण्यात भाड्याच्या सदनिकेत राहतो आणि त्याच वेळी गावच्या घराचा वरचा मजला एखाद्या शिक्षक कुटुंबाला दिलेला असतो. एकच कुटुंब एका करारात मालक आणि दुसऱ्या करारात भाडेकरू असते. असे असूनही जागा रिकामी करण्याचा दिवस उजाडला की आपली तराजू बदलते. आपल्या गाळ्याची भिंत काळवंडलेली दिसली की ते ‘नुकसान’ असते. आपण सोडून चाललेल्या दुकानाची भिंत तशीच असली की ती ‘वापरातली गोष्ट’ असते.

या दोन तराजूंच्या मध्ये अडकून पडते ती अनामत रक्कम. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती लहान नसते. नव्या जागेची अनामत भरायची असते, मालाची देणी असतात, आणि जुन्या मालकाकडील लाख-दोन लाख रुपये ‘हिशेब झाला की देतो’ या वाक्याखाली महिनोन्महिने पडून राहतात. पुष्कळदा रकमेपेक्षा मोठे नुकसान संबंधांचे होते. दहा वर्षे एकमेकांच्या घरच्या कार्यांना जाणारी कुटुंबे एका शटरच्या स्प्रिंगवरून बोलेनाशी होतात. म्हणून भाडेकरार संपताना जागेच्या मोडतोडीची जबाबदारी कुणाची, हा विषय आज हिशेबाच्या अंगाने मांडतो.

झिजेची किंमत भाड्यातच असते

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी घसारा आणि हानी यांतील भेद शिकवतात. यंत्र वापरले की झिजते. ही झीज अपेक्षित असते, म्हणून ती दरवर्षी खर्चात धरतात. तेच यंत्र कुणाच्या निष्काळजीपणाने पडून फुटले, तर ती हानी होय. जागेलाही हाच नियम लागतो. मालकाला दरमहा मिणारे भाडे हे जागेच्या वापराचे मोल आहे आणि वापर म्हटला की झीज आलीच. पाच वर्षांत फिकट झालेला रंग, दाराच्या उंबऱ्याशी गुळगुळीत झालेली फरशी, सैल पडलेल्या बिजागऱ्या यांची किंमत भाडेकरूने साठ हप्त्यांत आधीच भरलेली असते. ती अनामतीतून पुन्हा कापणे म्हणजे एकाच बिलाचे पैसे दोनदा घेणे.

प्राप्तिकर कायद्यानेही हे गृहीत धरले आहे. भाड्याच्या उत्पन्नातून नगरपालिकेचे कर वजा झाल्यावर जी रक्कम उरते, तिच्यावर मालकाला ३० टक्के सरसकट वजावट मिळते. त्या वर्षी दुरुस्तीवर प्रत्यक्षात रुपयाही खर्च केला नसला तरी ती मिळते. जागा झिजणार आणि तिची निगा मालकाला राखावी लागणार, हे मानूनच ही सवलत दिलेली आहे.

मूळ कायदा तर याहून जुना आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्यातील दोन्ही पक्षांची कर्तव्ये सांगितली आहेत. भाडेकरूने जागा ज्या स्थितीत घेतली त्या स्थितीत परत करावी. मात्र वाजवी झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरील आपत्ती यांमुळे झालेला बदल त्याच्या माथी मारता येत नाही. भाडेकरूने, त्याच्या नोकराने किंवा हस्तकाने केलेली मोडतोड मात्र त्यानेच भरून द्यायची असते. मालकाने तशी नोटीस दिल्यापासून त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. हमालाने केलेल्या मोडतोडीची जबाबदारी ‘मी स्वतः केली नाही’ असे म्हणून टाळता येत नाही, हे दुकानदारांनी विशेष लक्षात घ्यावे.

येथे एक बारकावा आहे. आपल्याकडे बहुतेक गाळे आणि सदनिका आता ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने दिल्या जातात. हा भाडेपट्टा नसून वापराची परवानगी असते. त्यामुळे कलम १०८ त्याला आपोआप लागू होत नाही. अशा व्यवहारात करारात काय लिहिले आहे याला सर्वाधिक वजन येते. ‘वाजवी झीज वगळून जागा पूर्वस्थितीत परत करावी’ यातील ‘वाजवी झीज वगळून’ हे तीन शब्द आपल्या करारात आहेत की नाहीत, हे प्रत्येकाने कपाट उघडून पाहावे.

एका गाळ्याचा हिशेब

तत्त्व उदाहरणाने स्पष्ट होते. मागे एका बाजारपेठेतील दोन परिचित कुटुंबांचा वाद मिटवण्यासाठी मला बोलावले होते. कापड दुकानदाराने पाच वर्षांनी गाळा सोडला होता. अनामत ३ लाख रुपये. मालकांनी, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणते, १ लाख ९४ हजारांच्या वजावटीची यादी दिली होती. दुकानदाराचे म्हणणे होते की एक पैसाही कापू नये. यादी अशी होती: संपूर्ण रंगकाम ४२ हजार, वातानुकूलन यंत्र नवे ४५ हजार, फरशी २६ हजार, शटर १४ हजार, ओल आलेल्या भिंतीचा गिलावा ३५ हजार, पोटमाळा काढल्यामुळे भिंतीला पडलेल्या खिंडारांची दुरुस्ती १८ हजार आणि दर्शनी काचेला गेलेला तडा १४ हजार.

आम्ही एकेक बाब घेऊन प्रत्येकीला दोन प्रश्न विचारले. हे काळाने केले की कुणाच्या कृतीने? आणि कृतीने केले असेल, तर त्या वस्तूचे आज किती मूल्य उरले होते?

पाच वर्षांचा रंग काळाने उडाला होता. तो वगळला. शटर गंजले होते आणि स्प्रिंग सैल झाली होती. रोज दोनदा वर-खाली होणाऱ्या वस्तूचे हेच होणार. तेही वगळले. ओल गच्चीवरून झिरपत होती. दुकानदाराने सलग दोन पावसाळ्यांत तसे संदेश पाठवले होते आणि ते त्याच्या फोनमध्ये जपलेले होते. गच्ची मालकाची, दुरुस्ती मालकाची. ३५ हजार वगळले. त्याने ओल दडवून ठेवली असती आणि त्यामुळे ती पसरली असती, तर मात्र हिशेब वेगळा झाला असता. आपल्याला दिसलेला दोष वेळीच कळवणे हे भाडेकरूचे काम आहे.

आता उरलेल्या बाबी. वातानुकूलन यंत्राची वार्षिक सफाई करण्याची अट करारात दुकानदारावर होती आणि ती पाच वर्षांत एकदाही पाळलेली नव्हती. कॉम्प्रेसर जळाला होता. जबाबदारी त्याची, हे निर्विवाद. परंतु अण्णांना जुन्या यंत्राच्या बदल्यात नवे कोरे यंत्र कसे मिळेल? मूळ खरेदी ४० हजारांची. प्राप्तिकराच्या हिशेबात यंत्रसामग्रीवर घटत्या शिलकीवर १५ टक्के घसारा धरतात. तोच दर लावला, तर पहिल्या वर्षाअखेर ३४,०००, दुसऱ्या २८,९००, तिसऱ्या २४,५६५, चौथ्या सुमारे २०,८८० आणि पाचव्या सुमारे १७,७४८ रुपये उरतात. हा दर करआकारणीसाठी आहे, भाडेवादासाठी नव्हे. परंतु दोन्ही पक्षांना मान्य होईल असे एक तटस्थ माप म्हणून तो उपयोगी पडतो. फर्निचरसाठी तोच दर १० टक्के असतो. इकडे मेकॅनिकने कॉम्प्रेसर बदलण्याचा अंदाज १५ हजारांचा दिला. उरलेले मूल्य आणि दुरुस्तीचा खर्च यांत जो आकडा कमी, तो घ्यावा, असे ठरले. १५ हजार.

फरशी दुकान हलवताना तिजोरी ओढल्यामुळे फुटली होती. ही झीज नाही. फुटल्या होत्या नऊ फरश्या. अण्णांनी खर्च मांडला होता संपूर्ण दुकानाचा. त्या रंगाची फरशी आता मिळत नव्हती, हीही त्यांची खरी अडचण होती. काउंटरपर्यंतचा पुढचा पट्टा एकसारखा करून द्यावा यावर एकमत झाले. १४ हजार. पोटमाळा दुकानदाराने स्वतः बसवला होता आणि स्वतः काढून नेला होता. तो न्यायला हरकत नव्हती, पण काढल्यावर भिंत पूर्ववत करून देण्याचे काम त्याचेच. १८ हजार पूर्ण मान्य.

काचेवर गाडी अडली. अण्णा म्हणत, काच अखंड दिली होती. दुकानदार म्हणे, तडा पूर्वीचाच. ताबा देताना कोणतीही यादी केलेली नव्हती. नुकसान झाल्याचे जो सांगतो त्याने ते दाखवून द्यावे, हा साधा न्याय. त्यामुळे पुराव्याविना अण्णांचा दावा टिकणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा मुलगा दुकानाच्या उद्घाटनाचा अल्बम घेऊन आला. तोरणाच्या मागे काच स्पष्ट दिसत होती आणि ती अखंड होती. तो वडिलांना एवढेच म्हणाला, “पप्पा, हे आपलंच आहे.” वडिलांनी १४ हजार मान्य केले. अण्णांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि त्यानंतर रंगकामाचा विषय पुन्हा काढला नाही.

बेरीज ६१ हजार. परत द्यायचे २ लाख ३९ हजार. अण्णांच्या मूळ यादीप्रमाणे १ लाख ६ हजार परत मिळाले असते आणि दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे पूर्ण ३ लाख. दोघांचाही आकडा चुकीचा होता आणि दोघांनाही तो प्रामाणिकपणे खरा वाटत होता.

केलेले फेरबदल

व्यापारी जागेत मोडतोडीपेक्षा फेरबदलांचे वाद अधिक होतात. काउंटर, लोखंडी मांडण्या, फसवे छत, जाहिरातफलकासाठी पाडलेली भोके, विजेची वाढवलेली जोडणी. बँकेची शाखा एका जागेतून दुसरीकडे हलवण्याचे काम नोकरीत माझ्याकडे आले होते. बँकेची स्ट्राँग रूम म्हणजे जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली. लॉकरची कपाटे आणि पोलादी दार नेता येते. भिंती नेता येत नाहीत. ती खोली पाडून द्यायची की तशीच ठेवायची, हे जागा घेताना लिहून ठेवलेले असेल तर प्रश्न एका परिच्छेदात सुटतो. लिहिलेले नसेल, तर एकाला पाडण्याचा खर्च परवडत नाही आणि दुसऱ्याला ती खोली कशाला वापरावी ते कळत नाही. दुकानातील पोटमाळा हे त्याचेच लहान रूप आहे.

कलम १०८ प्रमाणे भाडेकरूला स्वतः बसवलेल्या वस्तू काढून नेता येतात, परंतु त्या जागेचा ताबा त्याच्याकडे असेपर्यंतच. किल्ल्या दिल्यावर ‘आमचे फसवे छत राहिले’ असे म्हणण्यात अर्थ नसतो. मालकाच्या संमतीविना कायम स्वरूपाचे बांधकाम करणे तर त्याहून गंभीर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १६ नुसार ते जागा खाली करून मागण्याचे एक कारण ठरते. मात्र लाकडी फळीची आडभिंत, स्वयंपाकघरातील ओटा, फसवे छत, वातानुकूलन यंत्र यांसारखी कामे त्या अर्थाने कायम बांधकाम मानली जात नाहीत, असा खुलासाही त्याच कलमात आहे.

दुरुस्तीची बाजूही याच अधिनियमात आहे. उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी, वापरण्याजोगी ठेवणे हे कलम १४ प्रमाणे मालकाचे कर्तव्य होय. निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक नाही.

पूर आणि आग

सांगली-कोल्हापूर भागातील वाचकांना २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर विसरता येणार नाहीत. पाण्यात राहिलेल्या दुकानांचा गिलावा सुटला, लाकडी मांडण्या फुगल्या, विजेची जोडणी निकामी झाली. ही झीज नाही आणि भाडेकरूची कृतीही नाही. अशा आपत्तीचा भार भाडेकरूवर टाकता येत नाही, हे तत्त्व १८८२ पासूनचे आहे. इमारत मालकाची, तिची हानी मालकाची. माल दुकानदाराचा, त्याची हानी दुकानदाराची. विमाही त्याच रेषेने उतरवावा. पुष्कळ दुकानदार मालाचा विमा काढतात आणि इमारतीचाही विमा त्यातच आला अशी समजूत करून घेतात. पुष्कळ मालक तर इमारतीचा विमाच काढत नाहीत. आगीचे थोडे निराळे आहे. आग जुनाट अंतर्गत जोडणीमुळे लागली की दुकानदाराने एकाच सॉकेटवर चार उपकरणे लावल्यामुळे, यावर जबाबदारी फिरते.

हिशेब पहिल्या दिवशी लिहावा

वरील सर्व वादांचे मूळ एकच आहे. जागा कशी दिली हे कुणी लिहून ठेवलेले नसते. शेवटच्या दिवशी जे ठरवायचे, त्याचा पुरावा पहिल्या दिवशीच तयार होऊ शकतो. म्हणून माझा आग्रह आहे की करारासोबत ताबा-यादी जोडावी. खोलीगणिक भिंती, फरशी, दारे, काचा, नळ, दिवे, यंत्रे; प्रत्येकासमोर स्थिती आणि यंत्रे असतील तर खरेदीचे वर्ष व किंमत. दोघांच्या स्वाक्षऱ्या. तारखेसह छायाचित्रे दोघांच्याही फोनमध्ये. विजेच्या मीटरवरील आकडा. हे काम तासाभराचे आहे.

कोणती दुरुस्ती कुणी करायची याची तयार विभागणी हवी असल्यास केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडे अधिनियमाचे परिशिष्ट पाहावे. इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती, भिंतींचा रंग, नळयोजना आणि मुख्य वीजजोडणी मालकाकडे. नळ, स्विच, सॉकेट, कुलपे, मुठी, फुटलेल्या काचा, तुंबलेली मोरी भाडेकरूकडे, अशी ती साधारण विभागणी आहे. त्यात अनामतीची मर्यादाही सुचवली आहे: निवासी जागेसाठी दोन महिन्यांचे भाडे आणि इतर जागांसाठी सहा महिन्यांचे. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक होत नाही. पण आपल्या करारात तशी विभागणी घालण्यास कुणाची परवानगी लागत नाही.

करार लेखी आणि नोंदणीकृत असावा. तशी जबाबदारी १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. तो नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मुद्रांकाचे थोडे पैसे वाचवणाऱ्या मालकाने याचा विचार करावा.

काही करारांत ‘कोणत्याही अटीचा भंग झाल्यास संपूर्ण अनामत जप्त’ असे कलम असते. ते वाचून घाबरण्याचे कारण नाही आणि त्यावर विसंबूनही राहू नये. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये हेच तत्त्व स्पष्ट केले आहे.

भाडेकरूंनाही एक सांगणे. ‘अनामत आहेच, त्यातून वळते करून घ्या’ असे म्हणून शेवटच्या तीन महिन्यांचे भाडे थांबवण्याची पद्धत बरी नाही. त्यामुळे मालकाच्या हाती खऱ्या नुकसानीसाठी काही उरत नाही आणि तो पुढच्या भाडेकरूकडून दुप्पट अनामत मागतो. जागा सोडण्याच्या महिनाभर आधी मालकाला बोलावून एकत्र पाहणी करावी. जे आपले आहे ते आपल्या गवंड्याकडून दुरुस्त करून घ्यावे. ते बहुधा स्वस्तात होते.

मालकांनी आपल्या वहीत अनामत कोणत्या बाजूला लिहिली आहे ते पाहावे. ती जमेच्या बाजूला, देणी या सदरात असते. ती उत्पन्न नाही. दुसऱ्याची ठेव आहे. बँकेत ठेवीची मुदत संपली की आम्ही ठेवीदाराला ‘पाहू’ असे म्हणत नसू. वजावट करायचीच असेल तर बाबवार लिहून, पावत्या जोडून, किल्ल्या घेतानाच करावी आणि उरलेली रक्कम त्याच बैठकीत धनादेशाने द्यावी. भाडेकरूने ती मिळाल्याची पोच लिहून द्यावी. दोन्ही वह्यांत ते खाते त्या दिवशी शून्यावर आले, म्हणजे व्यवहार पुरा झाला.